कमलबाईचं दुखणं

धुळे, १२ ऑगस्ट १९८६

ती. फुईस,

सुनंदाचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. इथे दिवसभर पलंगांवर चादरी घालायला वाकवतात, त्यामुळे थोडंसंच वाकणं शिल्लक राहतं आणि ते मी तुझ्यासाठी ठेवलं आहे.

सुखरूप पोचले. वसतिगृह दवाखान्याच्या मागेच आहे, तेव्हा पहाटे कोंबड्याऐवजी कुणाच्या तरी कण्हण्याने जाग येते. आमच्या ट्यूटर लताबाई नाशिककडच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दीड वर्षात तुम्हाला बाळंतपण करता आलं पाहिजे, लस टोचता आली पाहिजे आणि तुमचं ते अहिराणी ‘शे, शे’ बंद झालं पाहिजे. पहिली दोन जमतील असं वाटतं.

कालपासून गर्भाशय सुरू झालं. फुई, ते उलट्या पेरूसारखं आणि तेवढंच असतं. मी समजत होते आत मोठी परडी असेल. पुढे मूत्राशय, मागे आतडी आणि मधे हे, सगळे एकमेकांना खेटून, भुसावळ पॅसेंजरमध्ये बसल्यासारखे.

कार्ड संपत आलं. आबांनी गावात मी डी.एड. करते असं सांगितलं आहे. पोरगी नर्स होते आहे हे कळलं तर स्थळं येणार नाहीत, ही त्यांची भीती. आपल्या धरणगावकडचं कुणी भेटलं तर मी मास्तरीण होते आहे, विसरू नकोस.

तुझी,
सुनंदा

•

बोदवड, २३ ऑगस्ट १९८६

चि. सुनंदास अनेक आशीर्वाद आणि एक थोबाडीत.

असलं उघड्या कार्डावर कुणी लिहितं का? आमचा पोस्टमन जीवराम ओट्यावर उभा राहून पत्र वाचून दाखवतो. मी सातवी पास आहे हे त्याला दहादा सांगितलं, पण त्याला वाटतं बाई आहे, उगाच म्हणत असेल. त्याने सुरुवात केली तेव्हा मी एकटी होते. गर्भाशयापर्यंत आला तेव्हा शेजारची कमलबाई चाळणी घेऊन बाहेर आली होती. तिच्या मागे तिच्या दोन्ही सुना. जीवरामने आवाज खाली आणला, पण थांबला नाही. पेरूचं ऐकून त्याला फार आश्चर्य वाटलं. जाताना विचारतो, अक्का, मूत्राशय बाप्यांना पण असतं का? मी म्हटलं, घरी जाऊन बघ.

यापुढे निळं बंद पत्र पाठव, कडा नीट चिकटवून.

तुझ्या बापाचं काही नवीन नाही. लहानपणी चिंचेवरून पडला तेव्हा बैलाने ढकललं म्हणून सांगत होता. माझा भाऊ आहे, पण खरं बोलायचं म्हटलं की त्याला ठसका लागतो. मी विचारणाऱ्यांना सांगते की पोरगी शिकते आहे. काय ते सांगत नाही.

तू मात्र सगळं लिहीत जा. मी शाळेत होते तेव्हा पुस्तकात बेडकाचं पोट होतं. बाईचं नव्हतं. तुझे फुवा मजेत आहेत, त्यांना भूक आणि झोप सोडून दुसरा आजार नाही. मुलगा-सून सुरतेत. दोघी लेकी आपापल्या घरी. घरात आम्ही दोघंच एकमेकांवर खेकसायला.

तुझी फुई,
धुरपदा

•

धुळे, ७ सप्टेंबर १९८६

ती. फुईस,

कडा डिंकाने चिकटवल्या आहेत. जीवरामभाऊंना माझा नमस्कार आणि हो, बाप्यांनाही असतं.

आता आम्हाला वॉर्डात पाठवतात. पहिल्या दिवशी मी बेडपॅन घेऊन निघाले आणि समोरून मोठे डॉक्टर आले. काय करावं सुचेना, म्हणून पदराखाली झाकून उभी राहिले. त्यांनी नुसतं नाक आक्रसलं आणि गेले. लताबाई म्हणाल्या, यात लपवण्यासारखं काही नाही, त्यांनाही रोज होते.

पुनाबाबा म्हणून साक्रीकडचे एक म्हातारे पाय मोडून पडले आहेत. त्यांचं अंग पुसायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाले, ‘पोरी, मनी बायकोनी बी मना पाय उघडा देखा नही.’ मग मी डोळे मिटून पुसायचं आणि त्यांनी डावी-उजवी सांगायची असं ठरलं. निम्मं पाणी गादीवर गेलं. लताबाईंनी मला शिक्षा म्हणून गादी वाळत घालायला लावली, आणि पुनाबाबा खिडकीतून सूचना देत होते.

बायकांच्या वॉर्डात वेगळंच. काय होतंय विचारलं तर सगळ्या म्हणतात, काही नाही. भागाबाई नावाची एक ताप म्हणून आली. तापाच्या गोळ्या खात आठवडा पडून राहिली. मग एका दुपारी मी तिची वेणी घालत होते तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाली की ताप निमित्ताचा, खरं दुखतंय ते दुसरीकडेच. लताबाई म्हणतात, बाईच्या पहिल्या उत्तरावर नर्सने विश्वास ठेवायचा नाही. मी वहीत लिहून त्याखाली रेघ ओढली आहे.

तुझी,
सुनंदा

•

बोदवड, २ ऑक्टोबर १९८६

चि. सुनंदास आशीर्वाद.

पुनाबाबाचं तुझ्या फुवांना वाचून दाखवलं. ते हसता हसता खाटेवरून पडायचे राहिले. मी फारशी हसले नाही, सध्या मला खोकला आहे.

एक विचारायचं आहे. माझ्यासाठी नाही, आपल्या शेजारच्या कमलबाईसाठी. तिला एक त्रास आहे. खालून काहीतरी बाहेर येतं. पहिले जड काही उचललं तरच यायचं, आता पाणी भरलं, खोकलं, शिंकलं तरी येतं. हाताने आत सारावं लागतं. कापड बांधून ठेवते बिचारी. बसताना एका बाजूला बसते. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून लग्नाला, गावाला कुठे जात नाही, आणि हसायचीही चोरी. आग होते ती वेगळीच. बरीच वर्षं आहे म्हणे. कुणाला बोलली नाही, नवऱ्यालाही नाही.

तुमच्या पुस्तकात याला काही आहे का? झाडपाला, लेप असं काही असेल तर लिही. दवाखान्यात ती जाणार नाही. तिथे पुरुष डॉक्टर असतात.

तुझ्या बापाने कापूस चांगला आल्याचं कळवलं आहे. तेवढं खरं असावं.

तुझी फुई

•

धुळे, १४ ऑक्टोबर १९८६

ती. फुईस,

तुझं पत्र वाचून मी उडीच मारली. आमचा हाच धडा चालू आहे! याला गर्भाशय खाली सरकणं म्हणतात. आत ते ज्या दोऱ्यांनी बांधलेलं असतं त्या ढिल्या पडतात. लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणं, घाई करून ओढणारी दाई, आणि बाळंतीण उठून लगेच जड कामाला लागली की असं होतं. कमलबाईचं बाळंतपण कोणी केलं होतं? लहान वयात झालं का? मूल मोठं होतं का? तिला विचारून कळव, मला वर्गात सांगता येईल. नाव घेणार नाही.

झाडपाला काही नाही. उलट काही लावू नको म्हणावं, जखम होईल. फार झालं नसेल तर रबराची रिंग बसवतात. जास्त असेल तर ऑपरेशन, आणि बाई पुन्हा चांगली होते. मी लताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, तिला घेऊन या, आमच्याकडे डॉक्टरीणबाई आहेत.

तू काळजी करू नकोस. बायका स्वतःहून बोलत नाहीत, त्यांना धीर द्यावा लागतो, हे आम्हाला शिकवलं आहे. भाऊबीजेला तू धरणगावला येशील, ती झाली की तुला बोदवडला सोडायला मीच येते. कमलबाईचं मी बघते.

तुझा खोकला थांबला का? आलं-मध घे.

तुझी,
सुनंदा

•

बोदवड, १६ नोव्हेंबर १९८६

सुनंदा,

आशीर्वाद या खेपेला नाहीत.

मी परसात भांडी घासायला गेले, तेवढ्यात तू निघालीस. मला वाटलं दुकानात गेलीस. आणि तू त्या बाईच्या घरात, तिच्या दोन्ही सुनांच्या देखत, तिच्या हाताला हात लावून विचारलंस की मावशी, किती बाहेर येतं? वर म्हणालीस, लाजू नका, मला सगळं माहीत आहे.

तू तर दुपारच्या गाडीने निघून गेलीस. इथे काय झालं ते ऐक. कमलबाई माझ्या दारात आली आणि गल्ली जमेल एवढ्या आवाजात म्हणाली, तुमच्या घरच्या पोरीला शिकवतात तरी काय? मास्तरीण होते आहे की वैदू? तिच्या थोरल्या सुनेने त्याच दिवशी माहेरी पत्र टाकलं. कमलबाईचा नवरा रुपचंद तुझ्या फुवांना विचारतो, माझ्या बायकोचं काय बाहेर येतं? फुवांनी सांगितलं, तिचा आवाज. त्यावरून दोघांचं बोलणं बंद. वीस वर्षांची शेजारीण आता मला बघून दार लावते. विरजण मागायला मला गल्लीच्या त्या टोकाला जावं लागतं.

कमलबाईला काही झालेलं नाही. माझी ऐकण्यात चूक झाली. हा विषय इथे संपला. पुन्हा लिहू नकोस.

धुरपदा

•

धुळे, २५ नोव्हेंबर १९८६

ती. फुईस,

तू रागावलीस ते बरोबर. लताबाईंना सांगितलं तेव्हा त्या तुझ्याहून जास्त रागावल्या. म्हणाल्या, धीर देणं म्हणजे चारचौघांत हात धरणं नव्हे. मला आठवडाभर पट्ट्या गुंडाळायला बसवलं आहे. कमलबाईंना माझी माफी सांग. त्या दार उघडतील तेव्हा.

पण पट्ट्या गुंडाळताना डोकं मोकळं असतं. भाऊबीजेला तू आमच्याकडे आलीस तेव्हा पाटावर एका बाजूला कलून बसली होतीस. आबा म्हणाले नीट बस, तर गुडघा धरल्याचं सांगितलंस. बसमध्ये पाण्याचा घोट घेतला नाहीस. स्टँडवर उतरल्या उतरल्या कुठे धावलीस तेही मी बघितलं, आणि हसले. जीवरामभाऊंची सबंध गोष्ट तू तोंडावर पदर दाबून सांगितलीस, एकदाही मोकळी हसली नाहीस. तुझा खोकला बरा झाला होता.

फुई, ते तुझं आहे ना?

मी परीक्षेत या धड्याचं उत्तर पाठ म्हणून दाखवलं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले. आणि तू माझ्या शेजारी बसून धरणगावपासून बोदवडपर्यंत आलीस. मला काही कळलं नाही, मी खिडकीतून केळीच्या बागा मोजत होते.

रागाव, पण उत्तर लिही.

सुनंदा

•

धुळे, १० जानेवारी १९८७

ती. फुईस,

दीड महिना झाला. मी आबांना काही कळवलेलं नाही, आईलाही नाही. कळवणार नाही. डॉक्टरीणबाई शांत आहेत, त्यांचे हात लहान आहेत. मी विचारून ठेवलं आहे. रिकामं पत्र पाठवलंस तरी चालेल.

सुनंदा

•

बोदवड, ३ फेब्रुवारी १९८७

चि. सुनंदास आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यात धरून घे.

माझंच आहे.

धाकट्या लेकीच्या वेळचं. सव्वा महिना व्हायच्या आत कापूस वेचायला गेले. सासू म्हणाली, बाकीच्या नाही का जात. वेचलेलं गाठोडं डोक्यावर घ्यायला उठले आणि आत काहीतरी सुटलं. खाली बसून राहिले. दाई तानुबाईला दाखवलं तर तिने दाबून आत सारलं आणि म्हणाली, बाईला असतंच, कापड बांध. तेव्हापासून बांधते आहे. ती लेक आता दोन पोरांची आई आहे.

फुवांना सांगितलं नाही कारण कसं सांगायचं ते ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी लाज वाटली. मग वाटलं, आता सांगितलं तर विचारतील इतके दिवस का नाही सांगितलं. वर्षं गेली की सांगणं आणखी अवघड होतं. तुला लिहितानाही कमलबाईला पुढे केली, ती माझ्याहून जाड आहे म्हणून, मागे लपायला बरी.

आता पुढचं ऐक. संक्रांतीला मी सगळ्यांकडे तिळगूळ दिला, तिच्याकडे नाही. चार दिवसांनी दुपारी ती मागच्या दाराने आली. चुलीपाशी बसली. एका बाजूला कलून बसली, सुनंदा. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘धुरपदे, तुले कोनं सांगितलं माह्यं?’

मी म्हटलं, काय तुझं?

म्हणाली, ते. तुझ्या भाचीला कसं कळलं? मी तर कुणाला बोलली नाही.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि मी तिला सांगितलं की अगं, ते तुझं नव्हतं, माझं होतं, मी तुझं नाव घेतलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, म्हणजे मी गल्लीभर भांडले ते कशासाठी? मग दोघींना जे हसू आलं ते आवरेना, आणि हसायला लागलो की दोघींना धरून बसावं लागत होतं, त्याने आणखी हसू. मधेच ती रडली. मीही. चुलीवरचं दूध उतू गेलं.

एका भिंतीच्या दोन बाजूंना इतकी वर्षं आम्ही कापडं धुऊन, कुणाला दिसू नयेत म्हणून लुगड्याखाली वाळत घालत होतो. ती माझी लपवलेली बघून समजायची की मी फार सोवळी आहे.

आम्ही येतो. दोघी. एकटी मी आले नसते, तीही नसती. घरी सांगितलं आहे की धुळ्याच्या एकवीरा देवीला जायचा नवस आहे, आठ-दहा दिवस लागतील. तुझे फुवा म्हणाले, एवढा मोठा नवस? मी म्हटलं, जुना आहे, व्याज चढलं. देवी बाईमाणूस आहे, ती समजून घेईल. पुढच्या सोमवारी स्टँडवर ये. आणि आम्हाला बघून पळत येऊन हात धरू नकोस.

तुझी फुई

•

धुळे, १५ मार्च १९८७

ती. फुईस,

तू आणि कमलमावशी घरी नीट पोचलात हे कळलं. टाके विरघळतील, ओढून बघायचे नाहीत. तीन महिने काहीही उचलायचं नाही. हंडाच काय, नातवंडही नाही.

तुला इथे असताना एक गोष्ट सांगितली नाही. तू विचारलंस की तुझे फुवा आले कसे, आणि मी म्हटलं देवीने बुद्धी दिली. देवीचा संबंध नाही. तार मी केली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नवऱ्याची सही पाहिजे, आणि तू म्हणालीस, नवऱ्याला विचारायचं असतं तर देवीला मधे कशाला आणलं असतं. तू घरी परत जायला पिशवी भरायला लागलीस. तू आंघोळीला गेलीस आणि मी तारघरात. तारेला शब्द थोडे, मला सुचेनात. ‘फुई कमलबाई धुळे दवाखान्यात. ताबडतोब या.’ एवढंच लिहिलं.

अशी तार गेल्यावर माणसं काय समजतात ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दवाखान्याच्या फाटकात एक जीप उभी राहिली. फुवा, रुपचंदकाका आणि वाटेत धरणगावला उचललेले आबा. तिघांचे चेहरे राखेसारखे. रुपचंदकाकांच्या हातात एक कापडी पिशवी होती. त्यात काय होतं ते मी नंतर बघितलं. पांढरं कापड, नारळ आणि कापूर. तुम्ही दोघी वॉर्डात बसून माझ्या मैत्रिणीच्या डब्यातलं भरीत खात होतात.

मी बाहेर धावत गेले आणि सांगितलं की त्या जिवंत आहेत. फुवा पायरीवर बसले. मग म्हणाले, मग झालंय काय? आणि तिघे माझ्याकडे बघायला लागले.

फुई, वर्गात मी हा धडा घडाघडा म्हणते. समोर आबा होते. मी त्यांच्यासमोर कधी ‘बाळंतपण’ शब्दसुद्धा उच्चारलेला नाही. जवळ लताबाई उभ्या होत्या, मला वाटलं त्या सांगतील. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग मीच बोलले. पिशवी म्हटल्यावर रुपचंदकाकांनी हातातली पिशवी मागे लपवली. म्हटलं, ती नाही काका, आतली. कशाने होतं ते सांगितलं. बाळंतिणीने कापसाचं ओझं उचललं तर काय होतं तेही. किती वर्षं म्हणून फुवांनी विचारलं. मी म्हटलं, धाकटी ताई झाली तेव्हापासून. सहीसाठी दिलेलं पेन त्यांनी उलटं धरलं होतं. मी सुलटं करून दिलं.

आबा सगळा वेळ जमिनीकडे बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, ‘तुझ्या आईला असं काही आहे का?’

मी म्हटलं, ‘माहीत नाही आबा. मी कधी विचारलं नाही. तुम्ही?’

ते म्हणाले, ‘नाही.’

आम्ही दोघं तसेच उभे होतो तेव्हा आपल्या गावचे अभिमननाना आले. त्यांच्या मुलाला बैलाने शिंग मारलं होतं म्हणून ते समोरच्या वॉर्डात होते. माझ्या साडीकडे, टोपीकडे बघून म्हणाले, तोतारामभाऊ, पोरगी तर मास्तरीण होत होती ना? मी आबांच्या ठसक्याची वाट बघितली. आबा म्हणाले, नर्स होते आहे. आत्ताच तिने आम्हा तिघांना शिकवलं.

मग मुतारी कुठे आहे ते विचारून गेले, आणि बराच वेळ आले नाहीत.

हे तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू तारेवरून मला मारलं असतंस आणि टाके ताजे होते.

तुझी,
सुनंदा

•

बोदवड, ९ एप्रिल १९८७

चि. सुनंदास आशीर्वाद.

मारायचं राहिलं आहे, ते येशील तेव्हा. त्या पांढऱ्या कापडाची कमलबाईने उशीची खोळ शिवली. कापूर देवीला लावला, तिचं देणं होतंच.

तुझ्या आईला मी विचारलं. तू विचारणार नाहीस हे मला ठाऊक होतं. मुद्दाम तिला इथे बोलावून घेतलं. तुझ्या फुवांना बाहेर पाठवून, दार लावून, हळू विचारलं. बघ, माझ्याकडून शीक. तिला तसलं काही नाही. पाय सुजतात, तेवढं तुझ्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं आहे. ती म्हणाली, लग्नाला चोवीस वर्षं झाली, कुणी पायाचं विचारलं नव्हतं, परवा सुनंदाच्या आबांनी विचारलं, मला वाटलं त्यांनाच बरं नाही.

मी बरी आहे. मांडी घालून बसते. शिंकते. कमलबाईच्या नातवाच्या बारशाला गेले आणि दिवसभर थांबले, सरबताचे दोन पेले प्यायले आणि पाळण्याची गाणी म्हटली. तीही बरी आहे, आवाज मात्र तिचा पूर्वीसारखाच बाहेर येतो.

पाणी तुझे फुवा भरतात. नळ गल्लीच्या तोंडाशी आहे, तुला माहीत आहे. पहिल्या दिवशी टॉवेल डोक्यावर असा ओढून निघाले की कुत्रे भुंकले. बायकांनी रांगेत त्यांना पुढे जागा दिली तर त्यांना आणखी लाजल्यासारखं झालं. हंडा कमरेवर घ्यावा की खांद्यावर ते कळेना. अर्धं पाणी अंगावर, अर्धं घरात. दुसऱ्या दिवशी जीवरामने त्यांना विचारलं, काका, हे काय? तर म्हणाले, पाणी. आता टॉवेल घेत नाहीत. रुपचंदही येतो मागून घागर घेऊन. दोघांचं बोलणं नळावर सुरू झालं, एकमेकांना शिव्या देत येतात.

परवा मी ओट्यावर बसले होते. ते हंडा घेऊन आले, खाली ठेवला, आणि तिथेच उभे राहिले. धाप लागली होती. मला वाटलं चहा मागतील. त्यांनी हंड्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘हे तू रोज आणत होतीस? तशी असताना?’

मी म्हटलं, हो.

‘दोन वेळा?’

उन्हाळ्यात तीन, मी म्हटलं.

ते परसात गेले आणि चिंचेखाली बसले. मला दिसत होतं, हाक मारावीशी वाटली. नाही मारली. म्हटलं बसू दे थोडं. मी तरी किती बसले होते.

नंतर त्यांनी चहा केला. चहापत्ती आधी टाकली, पाणी मागून. तरी मी प्यायले.

परीक्षा चांगली दे.

तुझी फुई,
धुरपदा